एका सालातले चार चित्रपट

एखाद्या वर्षातले तुमचे आवडते चित्रपट सांगा, असे कोणी म्हटले की समीक्षक जरा सावध होतो. वर्षभर दुसऱ्यांचे दोष काढीत हिंडलेला माणूस. त्याला आता स्वतःचीच आवड चव्हाट्यावर मांडायची असते! माझ्यापुरते म्हणाल, तर मी १९५७ हे साल घेतो. त्या एका सालात 'प्यासा', 'नया दौर', 'मदर इंडिया' आणि 'दो आँखें बारह हाथ' असे चार चित्रपट आले.

'नया दौर'बद्दल फार बोलत नाही. टांगा आणि मोटार यांची शर्यत मोठी रंगते, पण टांगा जिंकला तरी मोटार काही परत जाणार नसते, हे चोप्रांनाही ठाऊक असावे.

'मदर इंडिया'ला मात्र मी पूर्वी पहिला क्रमांक देत असे. तो आज काढून घेतो आहे. मेहबूबखानांनी आपल्याच १९४० सालच्या 'औरत'ची गोष्ट पुन्हा सांगितली. कन्हैयालालचा सावकार दोन्हींत तोच. पाचशे रुपयांचे कर्ज आणि व्याजापोटी पिकाचे तीन वाटे सावकाराच्या घरी, हा हिशोब आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. नर्गिस नांगर ओढते तेव्हा घशाशी दाटून येते. पण शेवटी काय होते बघा. कर्जाचा प्रश्न गावाच्या अब्रूचा होतो, आई मुलावर गोळी झाडते आणि आपण रडत रडत तिला हात जोडतो. बिरजूने वह्या जाळल्या ते चूक की बरोबर, हे विचारायचे राहूनच जाते. मला ते आता खटकते.

शांतारामबापूंच्या 'दो आँखें'ची कथा ग. दि. माडगूळकरांची. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांना मोकळे ठेवून शेती करायला लावण्याचा प्रयोग झाला होता, त्याच्यावर ती बेतलेली. माडगूळकरांचे माडगूळेही त्याच मुलखातले! म्हणूनच की काय, त्या माळाची धूळ पडद्यावर खरी वाटते. जेलरचे ते प्रचंड डोळे पळून जाणाऱ्या कैद्यांचा पाठलाग करतात, ते दृश्य मला भडक वाटते. खेळणी विकणाऱ्या चंपाची गाणीही दोन कमी चालली असती. पण बाजारात भाजी विकायला बसलेले ते सहा खुनी मार खातात आणि हात उचलीत नाहीत, तिथे सारे माफ. पुढे १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

मग पहिला कोण? 'प्यासा'. आणि तो शेवटच्या सभेसाठी नव्हे. ती सभा सर्वांनाच आठवते: कवी मेला असे समजून लोक त्याची पुण्यतिथी साजरी करतात, आणि तो दारात उभा! मला आठवते ती त्याच्या कवितांची वही. भाऊ ती रद्दीत विकून टाकतात. ती गुलाबोच्या हाती पडते, आणि सबंध शहरात ती वाचणारी तेवढी एकच बाई निघते. वहीदाने तिथे फार थोडे केले आहे, हो. आवाज चढवीत नाही की डोळे विस्फारीत नाही. गुरुदत्तनेही तिला करू दिले नाही, हे आणखी मोठे.

आमच्या व्यवसायात रोज ढिगाने कागद येतो. त्यातले किती न वाचता मी रद्दीत घातले, हा हिशोब मला त्या दृश्यापाशी दर खेपेला आठवतो. पहिला क्रमांक मी त्यासाठीच देतो आहे.