मुलीचे वय कशावरून ठरते?

श्रोतेहो, बोरिवलीच्या बाजूने होडीत बसून खाडी ओलांडली, की गोराई गाव लागते. तिथल्या एखाद्या वृद्ध आजीला जन्मतारीख विचारून पाहा. "मोठं तुफान झालं ना, त्याच वर्षी, तीन राजांच्या सणाच्या अगोदर," असे काहीसे उत्तर येईल. घरात एवढे पुरते. पण एखाद्या मुलीवरील अत्याचाराच्या खटल्यात तिच्या आईने असेच उत्तर दिले, तर?

2012 साली मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा झाला. त्याला सारे 'पोक्सो' म्हणतात. मुलगा असो वा मुलगी, घटनेच्या दिवशी अठरा वर्षे पुरी झालेली नसतील, तर 'तिची संमती होती' ही सबब चालत नाही. म्हणूनच आरोपीचा वकील पुष्कळदा पहिला घाव घालतो तो वयावर. अठरा पुरी झाली असे ठरले, की हा कायदा लागूच होत नाही.

वय सिद्ध झाले नाही तर काय होते, ते आपल्या राज्याने पाहिले आहे. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज गडचिरोलीत आहे. संमतीच्या वयाची मर्यादा त्या काळी सोळा होती. डॉक्टरांनी तिचे वय चौदा ते सोळा सांगितले. पण ती सोळाच्या आतली असल्याचा समाधानकारक पुरावा नाही, असे सत्र न्यायालयाने म्हटले. मग सारा वाद येऊन ठेपला तो तिची संमती होती की नव्हती यावर. उच्च न्यायालयाने 1976 साली शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली ती रद्द केली. देशभर संताप उसळला आणि 1983 साली कायदा बदलला. जन्माचा एक पक्का कागद असता आणि त्यावर सोळा पुरी नसती, तर संमतीचा प्रश्न निघालाच नसता.

आज वय कसे ठरवावे याचा क्रम बाल न्याय कायद्यात, 2015 च्या, कलम 94 मध्ये दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. हाडे काही तारीख सांगत नाहीत. त्यात दोन वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1982 सालीच मान्य केले.

आता गुरुजी आणि बाई, राग मानू नका. आपल्या गावोगावच्या रजिस्टरांत एक जूनला जन्मलेली मुले किती! आईबापांना तारीख आठवेना, शाळा तर भरायची, म्हणून कोणीतरी 'एक जून' लिहून मोकळे झाले. पुढे साक्षीच्या पिंजऱ्यात प्रश्न येतो, "ही तारीख कशावरून लिहिलीत?" उत्तर नसेल, तर त्या नोंदीला फारसे वजन राहत नाही, 1988 च्या निकालात हे स्पष्ट आहे. 2023 साली तर एका खटल्यात शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रवेश-रजिस्टरातला उताराही टिकला नाही. हाडांच्या तपासणीत वय अठरा ते वीस निघाले होते, आणि पोक्सोखालची शिक्षा रद्द झाली. तेव्हा प्रवेशाच्या दिवशीच जन्मदाखला मागा, त्याचा क्रमांक नोंदीसमोर लिहा, माहिती देणाऱ्याची सही घ्या.

आईबापांनो, मूल जन्मल्यापासून एकवीस दिवसांत नोंद झाली पाहिजे. रुग्णालयात बाळंतपण झाले तर कळवणे रुग्णालयाचे काम. घरी झाले तर ते घरातल्या कर्त्या माणसाचे. चर्चच्या पुस्तकात बाप्तिस्म्याची नोंद आहे म्हणून स्वस्थ बसू नका. कलम 94 च्या क्रमात ती नाही. आधार कार्डही जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये म्हटले आहे. वर्ष उलटून गेले असेल तर दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो. एकदोन खेपा जास्त पडतील, होडीचे भाडेही पडेल. पण नोंद होते.