काळोख दाखवणारा पडदा



दिवाळी उलटली आणि आमच्या घाटंजीच्या बाजाराकडे कापसाच्या गाड्या वळू लागल्या, की दोन प्रकारची माणसे मला वाटेत थांबवतात. एक, ज्यांना मुलाच्या परीक्षेविषयी विचारायचे असते. आणि दुसरे, ज्यांना टी.व्ही. घ्यायचा असतो. पहिल्यांचे समजते, कारण मी महाविद्यालयात शिकवतो. पण दुसऱ्यांनी माझ्याकडे का यावे? मी मराठीचा एम.ए. यंत्रांशी माझा संबंध तो काय? कारण एवढेच, की तीन वर्षांपूर्वी मी ओ.एल.ई.डी. जातीचा टी.व्ही. घेतला, ती बातमी गल्लीभर झाली, आणि तेव्हापासून मी त्या विषयातला जाणता ठरलो. तो टी.व्ही. घेताना आणि वापरताना मी काय काय चुकलो, हे मात्र कोणी विचारत नाही. ते आज आपण होऊन सांगावे, म्हणून हे भाषण.

गेल्या हंगामात ओळखीचे एक शेतकरी भेटले. म्हणाले, "सर, पोरगं म्हणते मोठा ओलेडच घेऊ. घेऊ काय?" मी किंमत विचारली. पंचावन्न इंची संच लाखाच्या घरात जात होता. आम्ही दोघांनी तिथेच, पानठेल्यावर, हिशेब मांडला. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ सालचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे लाख रुपयांना बारा क्विंटलांहून अधिक कापूस झाला, तोही पूर्ण हमीभाव पदरात पडला तर. कोरडवाहू रानात एवढा कापूस किती एकरांतून निघतो आणि तो वेचायला किती हात लागतात, हे मी आपल्याला सांगायला नको. तेव्हा प्रश्न हौसेचा असला, तरी उत्तर विचारपूर्वकच द्यायला हवे.

प्रथम हे प्रकरण आहे तरी काय, ते पाहू. ओ.एल.ई.डी. म्हणजे ऑरगॅनिक लाइट एमिटिंग डायोड. ऑरगॅनिक म्हणजे सेंद्रिय. पण इथे शेणखताचा संबंध नाही. कार्बनची विशिष्ट संयुगे एवढाच अर्थ. या संयुगांचा थर आपल्या केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ असतो, आणि त्यातून वीज गेली की तो स्वतः उजळतो. अमेरिकेतील कोडॅक कंपनीतले चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या दोन शास्त्रज्ञांनी १९८७ साली असा कमी दाबाच्या विजेवर चालणारा दिवा जगापुढे मांडला. पुढे २००७ साली सोनीने त्याचा पहिला टी.व्ही. विक्रीला आणला, तो अवघा अकरा इंचांचा. पंचावन्न इंची पडदे बाजारात यायला २०१३ साल उजाडले.

आता नेहमीच्या टी.व्ही.त आणि यात फरक कोणता? नेहमीच्या एल.ई.डी. म्हणवणाऱ्या टी.व्ही.त पडद्यामागे दिवे असतात आणि त्यांच्यापुढे लाखो बारीक झडपा. काळा रंग दाखवायचा म्हणजे झडप लावून घ्यायची. पण कुडाच्या घरात कंदील लावला, की फटीफटींतून उजेड झिरपतोच ना? तसेच तिथे होते, आणि रात्रीचे आकाश काळे न दिसता राखाडी दिसते. ओ.एल.ई.डी.त मागे दिवाच नाही. पडद्याचा प्रत्येक बिंदू ही एक स्वतंत्र पणती आहे. फोर-के म्हणतात त्या पडद्यावर अशा ८२,९४,४०० पणत्या असतात. काळोख दाखवायचा, तर तिथली पणती सरळ विझते. खरा काळोख दिसतो आणि त्याच्या शेजारचा उजेड अधिकच खुलतो. शिवाय बाजूला बसणाऱ्यालाही रंग फिके दिसत नाहीत. आपल्याकडे टी.व्ही.समोर एक जण खुर्चीवर, दोघे बाजेवर आणि चौघे भिंतीला टेकून बसतात. त्या घरांना हा गुण मोलाचा आहे.

एवढे गुण ऐकूनच मी संच घेतला. घेतला तो वडिलांसाठी. ते निवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर. डोळ्यांचे ऑपरेशन झालेले. त्यांना चित्र स्वच्छ दिसावे, एवढाच हेतू. पण मी दोन चुका केल्या. पहिली चूक, संच पूर्वेच्या मोठ्या खिडकीसमोर लावला. सकाळी पडद्यावर चित्राऐवजी आमचे अंगण दिसायचे, आणि अंगणात बांधलेली गाय. ते झाकावे म्हणून मी उजेड पूर्ण वाढवून ठेवला. दुसरी चूक अशी, की वडील काय पाहतात याचा मी विचारच केला नाही. ते पाहतात बातम्या, सकाळी सहापासून रात्री झोपेपर्यंत, आणि एकच वाहिनी.

वर्ष-दीड वर्ष गेले. एक दिवस धाकट्या मुलीने चित्रपट लावला, तर खाली बातम्यांच्या पट्टीची पुसट सावली! वडील जवळ जाऊन पाहू लागले. म्हणाले, "काऊन रे, हे पट्टी जातच नाही?" ती जाणार नव्हती. कारण सोपे आहे. पणतीतले तेल जळते, तशी या बिंदूंची शक्तीही वापराने हळूहळू कमी होते. सगळे सारखे जळले, तर फरक कळत नाही. पण एकाच जागी तीच पट्टी, तेच बोधचिन्ह रोज दहा-बारा तास, तेही पूर्ण उजेडात जळत राहिले, तर तिथले बिंदू शेजाऱ्यांच्या आधी थकतात. नव्या संचांत हे टाळण्याच्या युक्त्या असतात. दोष मात्र मुळातून गेलेला नाही.

मी त्रागा केला. कोणाचे नाव घेऊन नव्हे, पण लाख रुपये, लाख रुपये असे दोनदा म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून वडिलांनी टी.व्ही. लावणेच बंद केले. विचारले तर म्हणायचे, "राहू दे, खराब होते." त्यांच्या डोळ्यांसाठी आणलेली वस्तू कापड घालून झाकून ठेवली गेली, आणि ते ओसरीवर रेडिओ घेऊन बसू लागले. आकाशवाणीला श्रोता मिळाला हे खरे. पण, श्रोतेहो, मला फार लाज वाटली. वस्तू माणसासाठी असते, हे मी वर्गात शिकवतो.

मग आम्ही काय केले? वडिलांच्या खोलीत बत्तीस इंची साधा एल.ई.डी. टी.व्ही. आणला. त्यावर त्यांनी दिवसभर बातम्या पाहाव्यात, काही बिघडत नाही. मोठा पडदा खिडकीसमोरून हलवून आतल्या खोलीत नेला, आणि तो फक्त रात्री, सगळ्यांनी मिळून पाहायचा ठरवला. ती फिकट सावली अजून आहे, पण काळोख्या खोलीत चित्र हलते असले की ती शोधावी लागते.

या अनुभवातून निघालेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, दुकानात जाण्याआधी आपली खोली पाहा. दिवसाउजेडी, दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवून पाहणारे घर असेल, तर लखलखीत उजेडाचा साधा किंवा मिनी एल.ई.डी. संच बरा, आणि साधा संच तर पुष्कळ स्वस्तही. रात्री दिवे मालवून चित्रपट पाहण्याची आवड असेल, तरच ओ.एल.ई.डी.चा पैसा वसूल होतो. बसण्याचे अंतर पडद्याच्या कर्णाच्या दीडपट धरावे. पंचावन्न इंचांना सुमारे सात फूट, पासष्ट इंचांना आठ. खोली लहान असेल, तर मोठ्या पडद्याच्या मोहात पडू नये.

दुसरी गोष्ट, नाव नीट वाचा. रोमन लिपीतल्या 'ओ' आणि 'क्यू' या अक्षरांत फरक तो शेपटीचा. पण क्यू.एल.ई.डी. नावाच्या सर्वसाधारण टी.व्ही.त मागे दिवेच असतात. तो वाईट नव्हे, परंतु ओ.एल.ई.डी.च्या भावाने घेऊ नये. दुकानदाराला रात्रीचा प्रसंग लावायला सांगा, जवळचा दिवा मालवायला सांगा आणि बाजूला उभे राहून पाहा. काळा भाग राखाडी दिसला, की काय ते समजा. हमीपत्रात पडद्यावर उमटणाऱ्या सावलीविषयी काय लिहिले आहे, तेही पैसे मोजण्यापूर्वी वाचा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांवरील टी.व्ही.वरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलावर तो तसाच लावला आहे ना, हे पाहायला विसरू नका.

तिसरी गोष्ट, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? मोफत डिशवरच्या बहुतेक वाहिन्यांचे चित्र जुन्या, साध्या प्रतीचे असते. ते मोठ्या पडद्यावर ताणले, की धूसरच दिसणार, दोष टी.व्ही.चा नव्हे. फोर-के चित्र इंटरनेटवरून पाहायचे, तर पंधरा ते पंचवीस एम.बी.पी.एस.चा स्थिर वेग हवा. आपल्या गावात तो संध्याकाळी मिळतो काय, हे आधी शेजाऱ्याकडे तपासून घ्या. न मिळाला, तर एवढ्या महागाच्या पडद्याची घाई करू नका.

चौथी गोष्ट जपणुकीची. यवतमाळहून संच आणाल, तेव्हा तो उभाच आणा. आडवा टाकून, वर पोते ठेवून नव्हे. पडदा फार पातळ असतो. घरी आपल्याला सवय असते रिमोटने बंद केले, की लगेच भिंतीवरचे बटणही बंद करण्याची. या टी.व्ही.ला ती घातक आहे. बंद झाल्यावर तो काही मिनिटे आपल्या बिंदूंची तपासणी आणि दुरुस्ती करतो. तेव्हा पंधरा मिनिटे बटण चालू राहू द्या. मात्र मृगाच्या विजा कडाडू लागल्या, की प्लगही काढा आणि डिशची तारही. उन्हाळ्यात आणखी एक काळजी. बहुतेक संचांच्या पुस्तिकेत खोलीच्या तापमानाची मर्यादा चाळीस अंश दिलेली असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपार कशी असते ते आपण जाणतोच. भर दुपारी संचाला विसावा द्या, आणि कूलरचा ओला झोत त्याच्यावर येऊ देऊ नका.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना वेगळे सांगतो. लोकवर्गणी जमली, म्हणून शाळेसाठी ओ.एल.ई.डी. घेऊ नका. वर्गात उजेड भरपूर असतो, आणि एकच आकृती, एकच तक्ता अर्धा-अर्धा तास पडद्यावर राहतो. या दोन्ही गोष्टी त्याला मानवत नाहीत. शाळेला साधा मोठा एल.ई.डी. पडदाच योग्य. उरलेल्या पैशांतून पुस्तके घ्या.

आणि घेतलाच, तर उपभोगावा कसा? दुकानातून येताना चित्राची मांडणी भडक असते. ती बदलून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करावी. चित्रपट बहुधा सेकंदाला चोवीस चित्रांच्या गतीने टिपलेला असतो, टी.व्ही. मधली चित्रे आपल्या पदरची घालून हालचाल गुळगुळीत करतो, ती सोयही बंद करावी. मग दिवे मालवावेत. 'तुंबाड' हा २०१८ सालचा चित्रपट बहुतांशी पावसात आणि अंधारात घडतो. तो अशा पडद्यावर पाहावा. पण माझे मत विचाराल, तर जुने कृष्णधवल चित्रपट पाहावेत. जुन्या प्रतीवरचे ओरखडे स्पष्ट दिसतील, हे खरे. तसेच चेहऱ्यावरची छायाही दिसेल.

गेल्या आषाढीला आम्ही प्रभातचा, १९३६ सालचा 'संत तुकाराम' लावला. वडिलांना पुढे बसवले. लहानपणी जत्रेतल्या तंबूत त्यांनी तो पाहिला होता. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा काळोखातून पुढे आला, आणि वडील बराच वेळ बोललेच नाहीत. पुढे म्हणाले, "तेव्हा पडदा हालत होता रे. वारा सुटला होता." मग माझ्याकडे वळून विचारले, "इतका वेळ लावला, तर खराब नाही ना होत?"

मी म्हणालो, "झाला तर होऊ द्या, बाबा."

श्रोतेहो, त्या शेतकऱ्यांना मी काय सांगितले, ते राहिलेच. मी म्हटले, आधी कर्ज फेडा, बियाण्याचे पैसे बाजूला काढा. उरले तर आमच्या घरी एका रात्री या, दिवे मालवून बसू, आणि मग ठरवा. ते मुलाला घेऊन आले, पाहून गेले. अजून त्यांनी घेतलेला नाही. पण शनिवारी रात्री अधूनमधून मुलगा आमच्याकडे येऊन बसतो.