छोटी गाडी, अवघड वाट



डोंगरातल्या वाटेला मोठी गाडीच हवी, असं अनेकांना वाटतं. पण तिथे हलकी गाडी जास्त कामाची. चिखलात ती कमी रुतते. अरुंद वळणावर सहज वळते.

जपानच्या सुझुकीनं 1970 मध्ये अशीच हलकी गाडी आणली, ‘जिम्नी’. इंजिन जेमतेम 360 सीसीचं. ताकद मात्र चारही चाकांना.

तिचीच भारतीय बहीण, मारुतीची जिप्सी. ती आली 1985 मध्ये. लष्करानं वापरली, पोलिसांनी वापरली. ताडोबात वाघ पाहायला गेलेल्यांना तर ती चांगलीच ओळखीची.

आता मागणी बघा.

भारतात, गुरुग्रामला, पाच दारांची जिम्नी तयार होते. जानेवारी 2025 मध्ये जपानमध्ये तिची नोंदणी सुरू झाली. चार दिवसांत सुमारे 50 हजार मागण्या आल्या! कंपनीला नोंदणीच थांबवावी लागली.

आपल्याकडे मात्र जास्त खपते ती महिंद्राची थार. ती बनते आपल्या नाशिकमध्ये.

पण एक लक्षात ठेवा. दणकट दिसणारी प्रत्येक गाडी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, नसते. थारचाही फक्त मागच्या चाकांवर चालणारा प्रकार मिळतो. तो स्वस्त पडतो. म्हणून पैसे भरण्याआधी एवढं विचाराच: ताकद दोन चाकांना, की चारही चाकांना?