जमाव आणि गुन्हेगार

सातारा-सांगलीची आपली मुलेही कोल्हापुरास शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने पाहावयास जातात. तेथे हुल्लड झाली की सारी पेठच गुंड ठरते. दगड मारणाऱ्यास शासन व्हावेच. मद्य पिऊन मैदानात शिरणाऱ्यास पंचशीलाचे स्मरणही द्यावे. परंतु १९८९ साली इंग्लंडात हिल्सबरो येथील चेंगराचेंगरीत ९७ माणसे प्राणांस मुकली, तेव्हा पोलिसांनी दोष प्रेक्षकांच्या मद्यपानावर ढकलला. प्रेक्षक निर्दोष होते, हा ज्युरीचा निर्णय २०१६ साली आला. २७ वर्षे आप्तजन झगडले! जन्मावरून गुन्हेगार ठरविणारा १८७१ चा कायदा १९५२ साली गेला, तरी पारधी-कैकाडी बांधवांकडे पाहणारी नजर गेली नाही. आपला मुलगा धरला गेला, तर त्याची वस्ती सांगत बसू नका. त्याने काय केले, हे विचारा. अटकेचे कारण कळणे हा घटनेच्या २२ व्या कलमाने दिलेला त्याचा हक्क आहे.