‘रणांगण’ आणि आमचा परदेशवास

(मंडळाच्या विद्यार्थी-गौरव समारंभात नागपूर येथे केलेले भाषण)



परदेशी शिक्षणास निघालेल्या आपल्या मुलांना चार अनुभवाच्या गोष्टी सांगाव्यात, अशी कार्यवाहांची आज्ञा आहे. प्रवेश, बँकेचे कर्ज, थंडीचे कपडे यांविषयी मुलांना आमच्याहून अधिक ठाऊक आहे. म्हणून आम्ही एका कादंबरीविषयी बोलणार आहोत.

विश्राम बेडेकर हे आपल्या शेजारच्या अमरावतीचे. चित्रपटविद्येच्या अभ्यासासाठी ते इंग्लंडला गेले होते. परतीच्या सागरप्रवासाची शिदोरी घेऊन त्यांनी ‘रणांगण’ लिहिले व ते १९३९ साली, महायुद्धाच्या तोंडावर, प्रसिद्ध झाले. पुस्तक लहानसेच आहे. युरोपातून निघालेल्या जहाजावर चक्रधर विध्वंस या मराठी तरुणास हॅर्टा भेटते. ती जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी. दोघांची मने जुळतात. पण मुंबई येते, चक्रधर उतरतो आणि हॅर्टाला घेऊन जहाज पूर्वेकडे निघून जाते.

सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात ही कादंबरी आम्हाला मिळाली, तेव्हा आम्ही महाविद्यालयात होतो. चक्रधर भ्याड आहे, असे मित्रमंडळीत आम्ही मोठ्या आवेशाने ठासून सांगत असू. त्या वयात दुसऱ्याचा भ्याडपणा फार लवकर दिसतो!

पुढे शिक्षणासाठी आम्ही बर्लिनला गेलो. तेथे पदपथावर घरांच्या दारांपुढे पितळी पत्र्याचे लहान दगड बसविलेले असतात. लांबी-रुंदी अवघी दहा सेंटिमीटर. त्यांवर त्या घरातून नेलेल्या किंवा देशोधडीस लावलेल्या माणसाचे नाव, जन्मवर्ष व पुढील गती कोरलेली असते. गुंटर डेम्निग या शिल्पकाराने हे कार्य आरंभिले. २०२३ पर्यंत युरोपभर असे एक लक्ष दगड बसले. आमच्या वाटेवरील दगडांत हॅर्टा हे नाव आम्ही पुष्कळ दिवस शोधीत होतो. कादंबरीतले माणूस दगडावर कसे सापडावे? पण शोधीत होतो खरे.

आमच्या शेजारच्या खोलीत सीरियातील अलेप्पोचा एक तरुण राहत असे. २०१५ साली जे लक्षावधी निर्वासित जर्मनीत आले, त्यांतलाच एक. आमच्या हातचे वरण त्याला आवडे. आम्हाला निरोप द्यायला सोनेगावच्या विमानतळावर चाळीस माणसे आली होती आणि खर्चाचा काही भार आपल्या मंडळाने उचलला होता. त्याच्या पाठीशी कोणी नव्हते. एका संध्याकाळी त्याने विचारले, “उद्या सरकारी कचेरीत दुभाषा म्हणून येशील का?” आमची परीक्षा तीन दिवसांवर होती. “पुढच्या आठवड्यात जाऊ,” आम्ही म्हणालो. वस्तुतः तो एका सकाळचाच प्रश्न होता आणि आमचा अभ्यासही झालेला होता.

परीक्षा संपवून आलो तो शेजारची खोली रिकामी. त्याला कोठे हलविले, हे कोणास सांगता आले नाही. वरणाचा आमचा स्टीलचा डबा घासूनपुसून दाराशी ठेवलेला होता.

त्या रात्री आम्ही ‘रणांगण’ पुन्हा काढले. चक्रधराविषयी पूर्वीसारखे बोलणे तेव्हापासून आम्हाला जमलेले नाही.

यंदा जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी ‘रणांगणा’ची एकेक प्रत आम्ही आणली आहे. सामानाचे वजन त्याने फारसे वाढणार नाही. समारंभानंतर ती कार्यवाहांकडून घ्यावी, ही विनंती.