रंग, कापड, लोकर : घ्यायचं कुठून आणि विचारायचं काय?

(या भागाचं लिखित रूप. बाजारांची नावं ऐकता ऐकता लिहून घेता येत नाहीत, असे बरेच मेसेज येतात. म्हणून बोललो ते जवळपास तसंच इथे देतोय.)

हेडफोन लावलेत ना? आज थोडं स्वतःच्या फजितीपासून सुरू करते.

मागच्या वर्षी संक्रांतीच्या आधी आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी मला ऑर्डर दिली. हळदीकुंकवाचं वाण म्हणून ४० कापडी पिशव्या, त्यावर ठशानं छापलेली कमळं. एक पिशवी ६० रुपये. माझी आयुष्यातली पहिली ऑर्डर! मी स्टेशनरीच्या दुकानातून लाल रंगाच्या बाटल्या आणल्या, मांजरपाटाच्या पिशव्या शिवून घेतल्या, रात्रभर जागून छापल्या. दिसायला एकदम झकास. वाण वाटून झालं.

चौथ्या दिवशी काकू दारात. हातात काकांचा पांढरा सदरा, तो पूर्ण गुलाबी. म्हणाल्या, "अगं, एका बायकोनं पिशवी धुतली तर कमळ गेलं, आणि आमच्याकडे तर बघ काय झालं." रागावल्या नाहीत हो, हेच जास्त लागलं. मी २४०० रुपये परत केले. त्यातले कापडाचे आणि शिलाईचे माझ्या आईच्या भिशीतले होते.

तर आजचा विषय हा. घरी कापडावर छपाई करायची असेल किंवा लोकरीचं काम करायचं असेल, तर सामान कुठून आणायचं? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुकानात उभं राहून काय विचारायचं? कारण माझं दुकान चुकलं नव्हतं, प्रश्न चुकला होता. मी "लाल रंग द्या" म्हटलं, त्यांनी लाल रंग दिला. तो कागदावरचा पोस्टर कलर होता. तो पाण्यात विरघळतो, त्याला कापड धरून ठेवता येत नाही.

आधी कापड

मांजरपाट किंवा ग्रे कापड घेतलंत तर ते कडक लागतं, कारण त्यात खळ असते. मागावर धागा तुटू नये म्हणून ताण्याला खळ लावतात. आपल्याकडे इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या मागांवरून निघतं ते बरंचसं कापड असंच, न धुतलेलं. खळीवर छापलं की रंग खळीला चिकटतो, आणि पहिल्या धुण्यात खळीबरोबर निघून जातो.

म्हणून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गरम पाण्यात साबण घालून धुवा. मग वाळलेल्या कापडावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब लगेच शोषला गेला तर कापड तयार. मोत्यासारखा वर उभा राहिला तर पुन्हा धुवा. फुकटची परीक्षा आहे, पण मी ती केली नव्हती.

मग रंग

घरी करण्यासारखे दोन सोपे रस्ते आहेत. पहिला, बाटलीत तयार मिळणारे फॅब्रिक कलर. बाटलीवर 'फॅब्रिक' लिहिलेलं हवं, नुसतं 'अ‍ॅक्रिलिक' किंवा 'पोस्टर' नाही. एखादी ओढणी, दोन-चार पिशव्या असतील तर हेच बरे.

दुसरा रस्ता म्हणजे पिगमेंट आणि बाइंडर. काम जास्त असेल तर हा स्वस्त पडतो. पिगमेंट म्हणजे रंगाचे बारीक कण. ते स्वतःहून सुताला धरत नाहीत. बाइंडर त्यांच्यावर पातळ पापुद्रा तयार करतो आणि कापडाला धरून ठेवतो. हा पापुद्रा पक्का व्हायला उष्णता लागते. कारखान्यात साधारण १५० अंशांवर काही मिनिटं तापवतात. घरी आपण इस्त्री वापरायची: छापलेलं २४ तास वाळू द्या, मग उलट्या बाजूनं, मध्ये सुती फडकं ठेवून, कॉटनच्या सेटिंगवर एकेका जागी काही मिनिटं इस्त्री फिरवा. वाफ बंद. त्यानंतरही तीन दिवस पाणी लावू नका. पॉलिस्टर कापडावर एवढी इस्त्री चालणार नाही, म्हणून सुरुवात सुतीवरच करा.

पुड्यांमधले रिअ‍ॅक्टिव्ह रंगही मिळतात. त्यांना धुण्याचा सोडा लागतो, खायचा सोडा नाही. ही पूड नाकात जाऊ देऊ नका. मास्क, हातमोजे घाला, आणि भांडी कायमची वेगळी ठेवा. रंगाचं पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये.

घ्यायचं कुठून?

पुण्यात असाल तर रविवार पेठेतली बोहरी आळी. एका फेरीत स्पंज, ब्रश, डबे, कलाकुसरीचं सामान मिळून जातं. तुळशीबाग आणि लक्ष्मी रोडच्या आतल्या गल्ल्यांत लेस, दोरे, सुया. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट, आणि कापडासाठी तिथूनच चालत मंगलदास मार्केट. रविवारी मंगलदास बंद असतं, उगाच लोकलची गर्दी खाऊ नका.

पण आपले निम्मे श्रोते तालुक्याच्या गावचे. मी कराडची. पुण्याला जायचं तर एसटीत चार तास, आणि भाड्यातच रंगाचे पैसे जातात. तेव्हा माझी खरी टिप ऐका: गावात टी-शर्ट छापणारा स्क्रीन प्रिंटिंगवाला शोधा. प्रत्येक तालुक्याला एखादा तरी असतोच, निवडणुकीत आणि गणपतीत त्याला मान वर करायला वेळ नसतो. बाकीच्या दिवसांत जा. त्याच्याकडे पिगमेंटही असतो आणि बाइंडरही. मी गेले, खरं काय झालं ते सांगितलं. दादा हसले, आणि म्हणाले, "ताई, अर्धा किलो बाइंडर घेऊन जा, आणि आधी चिंधीवर छापा." त्यांनी मिसळायचं प्रमाणही दाखवलं. असं प्रमाण प्रत्येक कंपनीच्या मालाचं वेगळं असतं, म्हणून जो देतो त्यालाच विचारायचं आणि लिहून घ्यायचं.

रंग लावायच्या गादीसाठी स्पंज हवा? गादी कारखान्यात तुकडे पडलेले असतात. ठसे हवेत? लाकडी ठशांसाठी गांधीनगरजवळचं पेथापूर प्रसिद्ध आहे. पण शिकताना खोडरबर कोरा. किंवा भेंडी आडवी कापा, फूल तयार! बटाट्याचा ठसा पुसून कोरडा करून वापरा, नाहीतर त्याचं पाणी रंगात उतरतं.

आता लोकर

हे डिपार्टमेंट आईचं. तिचा पहिला नियम: लागेल त्यापेक्षा एक गुंडा जास्त घ्यायचा, आणि सगळे गुंडे एकाच लॉटचे. पट्टीवर रंगाच्या नंबराशेजारी लॉट नंबर असतो. रंगाचा नंबर एकच असला तरी दोन लॉटमध्ये छटा वेगळी येते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, उन्हात कळते. मावसबहिणीच्या बाळाच्या स्वेटरला एक गुंडा कमी पडला आणि नवा आणला, तर पाठीवर सरळ पट्टा दिसायला लागला. आईनं तेवढा भाग उसवला आणि एक ओळ जुन्या लोकरीची, एक नव्या, असं विणलं. फरक विरघळून गेला. लॉट जुळलाच नाही तर हा उपाय करा.

दुसरं, सुईचा नंबर. विणायच्या सुयांच्या जुन्या नंबरात नंबर मोठा तशी सुई बारीक: १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४. क्रोशाच्या बारीक स्टीलच्या सुयांचंही तसंच. त्यामुळे ऑनलाइन मागवताना मिलिमीटर बघा.

तिसरं, किंमत गुंड्याची बघू नका, १०० ग्रॅमची बघा. फोटोत गुंडा केवढाही दिसतो.

चौथं, 'लोकर' म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. वाईट नाही, धुवायला सोपी. पण गरम पातेलं धरायचं फडकं त्याचं विणू नका, वितळतं. तिथे सूतच हवं. शंका असेल तर छोटा धागा चिमट्यात धरून, बादलीत पाणी जवळ ठेवून जाळून बघा. सुताला जळक्या कागदाचा वास आणि मऊ राख, खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास, अ‍ॅक्रिलिकची वितळून कडक गाठ.

आणि लहान गावात लोकर दिवाळीनंतर भरतात, थंडी सरली की दुकानदार उरलेला माल कमी भावात काढतात. आई फेब्रुवारीतच पुढच्या वर्षाची खरेदी करते.

शेवटचं

आता माझ्याकडे एक नमुना वही आहे. प्रत्येक नव्या रंगाचा एक तुकडा छापते, इस्त्री करते, पाच वेळा धुते, ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासते. फडकं पांढरंच राहिलं तर तुकडा वहीत चिकटवते आणि बाजूला लिहिते: कुठून घेतला, प्रमाण काय, तारीख काय. यात आठवडा जातो. म्हणून कोणी "परवा हवंय" म्हटलं की मी नाही म्हणते. पैसे सुटतात, पण झोप लागते.

यंदा संक्रांतीच्या आधी मीच काकूंकडे गेले. पाच वेळा धुतलेली एक पिशवी दिली, म्हटलं, वापरून बघा, पैसे नकोत. त्यांनी ती काकांच्या सदऱ्याबरोबरच बादलीत टाकली, माझ्यासमोर! वीस मिनिटं मी चहा घेत बसले होते, घोट उतरत नव्हता.

सदरा पांढरा निघाला. काकू म्हणाल्या, "पंचवीस कर. आणि आईची भिशी आधी फेड."

फेडली हो. तुमच्या गावात सामान कुठे मिळतं, ते मला व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात सगळ्यांना सांगू. चला, भेटू. काळजी घ्या, आणि आधी चिंधीवर छापा!