हिरकणीचा बुरूज आणि सायबर सुरक्षेचे शिक्षण
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



शिवाजीनगरच्या गजबजाटात कन्नड, तमिळ आणि उर्दू कानी पडत असता या शाळेने मला मराठी अक्षरओळख करून दिली. आज मी विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवतो. सायबर सुरक्षेचे शिक्षण कसे असावे, यावर बोलताना मला याच शाळेत ऐकलेली हिरकणीची आख्यायिका आठवते. रायगडाचे दरवाजे बंद झाले, तेव्हा तान्ह्या बाळाच्या ओढीने ती गवळण अवघड कडा उतरून गेली. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधवला. गडाची उणीव दाखवणाऱ्याला अभय आणि उणिवेला बुरूज, हे सूत्र आमच्या अभ्यासक्रमात अजून पुरते उतरलेले नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली पदवी आणि पदव्युत्तर वर्गांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु वर्गात तो पुष्कळदा व्याख्यांपुरता उरतो. माझ्याच एका विद्यार्थ्याचे पैसे बनावट दुव्यामुळे गेले. चार दिवस त्याने ते कोणालाही सांगितले नाही. "सर, संगणकशास्त्र शिकून फसलो, हे कोणत्या तोंडाने सांगू?" असे तो म्हणाला. तक्रारीसाठीचा १९३० हा राष्ट्रीय क्रमांक त्याने उत्तरपत्रिकेत अचूक लिहिला होता आणि मी पूर्ण गुणही दिले होते. अशा प्रसंगी पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरतो. तो रोखून धरण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. त्याला माहिती मी दिली, पण बोलण्याचे बळ दिले नाही. ती उणीव माझ्या अध्यापनाची होती.

त्यानंतर मी तीन बदल केले. पहिला, प्रात्यक्षिकाचा. बाहेरच्या जगाशी न जोडलेल्या संगणकांवर विद्यार्थी उणीव शोधतात. मात्र ती शोधण्यापेक्षा बुजवण्याला अधिक गुण असतात. दुसरा, मर्यादेचा. मालकाच्या परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात शिरणे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याला मान्य नाही, म्हणून प्रत्येक प्रयोगापूर्वी लेखी परवानगी घेण्याची सवय लावली जाते. तिसरा, निवेदनाचा. काय घडले, केव्हा कळले, कोणाला कळवले, हे आजीलाही समजेल अशा भाषेत लिहायचे. स्वतःची चूक प्रांजळपणे मांडणाऱ्याचे गुण कापले जात नाहीत.

सोबत प्रत्यक्ष घटनांचे विवेचनही हवे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी बनावट यंत्रणा उभी केली, अनेक देशांतील एटीएममधून रक्कम काढली आणि दोन दिवसांच्या व्यवहारांत ९४ कोटींहून अधिक रुपये पळवले. खातेदाराने गुप्त क्रमांक जपला तरी मंजुरी देणारा दरवाजाच खोटा असू शकतो, हे या घटनेतून विद्यार्थ्याला उमगते. सुरक्षा एकट्यादुकट्याची नसते; तंत्रज्ञ, अधिकारी आणि ग्राहक या सर्वांच्या सावधपणातून ती उभी राहते.

मात्र या शिक्षणाचा पाया विद्यापीठात नव्हे, शाळेत पडतो. पाटीवरचे चुकलेले गणित झाकणाऱ्या माझ्या हाताला आमच्या बाईंनी हळूच बाजूला केले होते. "दाखव, म्हणजे सुधारता येईल," असे त्या म्हणाल्या होत्या. तेच वाक्य मी आता माझ्या वर्गात पहिल्या दिवशी उच्चारतो. पालकहो, मूल फसले तर आधी रागावू नका. आधी त्याच्याजवळ बसा, १९३० ला कळवा, मग काय चुकले ते पाहा.